उंबराखालचा डोह

११ मे २०२४, उंद्री

काल आखाजी झाली. आज सकाळपासून गावात भेंडवळच्या घटमांडणीचाच विषय. पारावर जो तो आपापल्या परीने भाकिताचा अर्थ लावत होता, पण ऊन असं की नऊ वाजताच पार रिकामा झाला.

साडेसहाला लेकीचा फोन आला होता. तिकडे इलिनॉयमध्ये आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ. नातवाने तिच्या हातातून फोन ओढून घेतला. घरामागच्या तळ्यावर त्याने गळाने मासा पकडला होता आणि फोटो काढून लगेच पाण्यात सोडला होता. फोटोत त्याच्या चिमुकल्या पंजात मावेल एवढा मासा. अंगाने दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा चपटा, पण उंचीला भरलेला. तोंड बारीक. कल्ल्याच्या झाकणाच्या टोकाला काळा ठिपका, जणू कानाची पाळी. कल्ल्याच्या खालच्या कडेला निळी झाक, छाती हळदीच्या रंगाची, कुशीवर उभे पुसट पट्टे. नाव ब्लूगिल, म्हणजे निळ्या कल्ल्याचा. सनफिश म्हणून गोड्या पाण्यातल्या माशांचं तिकडे एक कूळ आहे, त्यातला हा. १९८६ साली तिथल्या शाळकरी मुलांनी मतं देऊन याला आपल्या राज्याचा मासा म्हणून निवडलं, असं नातू मोठ्या अभिमानाने सांगत होता.

मग त्याने विचारलं, "आजोबा, तुमच्या ओढ्यात कोणता मासा आहे?"

मी म्हणालो, "आहेत की, बरेच आहेत." त्याला नावं हवी होती. मी मरळ म्हणालो, झिंगे म्हणालो, आणि तिथेच अडखळलो. जन्म या गावात गेला. तीस वर्षं डबकी, टाक्या आणि विहिरी तपासण्याची नोकरी केली. तरी नातवाला ओढ्यातल्या पाच माशांची नावं सांगता आली नाहीत. दिवसभर तेच मनात घोळतंय. म्हणून ही वही काढली.

१३ मे

सकाळी ओढ्यावर गेलो. ओढा म्हणजे आत्ता नुसते दगडगोटे आणि वाळलेलं शेवाळ. उंबराखालचा डोह तेवढा शिल्लक आहे, तोही बैलगाडीच्या साटीएवढा. उंबराची मुळं उघडी पडून पाण्यात लोंबतात, त्यांच्या सावलीत पाणी थोडं गार लागतं.

हा सगळा काळ्या कातळाचा मुलूख, लाव्हाच्या थरांचा. तिकडे इलिनॉयच्या वरच्या अंगाला बर्फाच्या लाद्यांनी जमीन खरवडून तळी करून ठेवली. आपल्या जिल्ह्यात तसं लोणारचं एक विवर सोडलं तर निसर्गाने दिलेलं मोठं तळं नाही. आपला मासा चार महिने वाहत्या पाण्यात जगतो आणि आठ महिने डोहात तग धरतो. त्यातही आपण घाटाच्या कडेचे. घाटाखाली उतरणारं पाणी पूर्णेला मिळतं आणि तापीतून अरबी समुद्राला जातं. घाटावर पलीकडच्या उताराला पडलेलं पाणी पैनगंगेतून वर्धेला, पुढे गोदावरीला, थेट बंगालच्या उपसागराला. दोन शेतांच्या मधल्या बांधावर पावसाची वाट फुटते. मग इकडचा मासा आणि तिकडचा मासा यांची भेट कधी व्हायची?

डोहाच्या काठाला बोटभरही नाहीत असे शेकडो मासे वळवळत होते. वाकून पाहिलं. नरांच्या शेपटीवर लाल-काळे ठिपके, माद्या राखाडी आणि पोटाने फुगीर. गप्पी.

हे मासे या डोहात कोणी आणले ते मला ठाऊक आहे. मीच आणले.

१४ मे

काल पुढे लिहिवलं नाही. आज लिहितो.

हिवतापाच्या कामावर लागलो तेव्हा मला प्लास्टिकची बरणी आणि लांब दांड्याची छोटी जाळी मिळाली होती. पैदास टाकीतून गप्पी काढायचे, बरणीत घालायचे आणि सायकलवरून गावोगाव हिंडून विहिरी, हौद, गुरांच्या टाक्या यांत सोडायचे. डासांच्या अळ्या ते खातात. काम चांगलं होतं आणि मी ते मनापासून केलं. थंडी वाजून तापाने फणफणलेली लेकरं मी मांडीवर घेतलेली आहेत. हौदात गप्पी सोडल्याचा पश्चात्ताप मला आजही नाही.

चूक संध्याकाळची होती. बरणीत पाच-पंचवीस मासे उरायचे. रात्रभर कोंडून ते मरतील म्हणून घरी येताना मी बरणी ओढ्यात रिती करायचो. एकदा नाही, वर्षानुवर्षं. जीव वाचवला याचं समाधान वाटायचं. तसं करू नये असं मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कोणाला विचारलं नाही. ते पिल्लंच घालतात, अंडी नाहीत. एक मादी महिना-दीड महिन्याने वीस-तीस पिल्लं टाकते. ओढ्यातल्या दुसऱ्या माशांच्या अंड्यांचं, बारीक पिल्लांचं काय होत असेल, हा विचार तेव्हा शिवलाही नाही.

२६ मे

नातवाने आज तळ्याचा व्हिडिओ पाठवला. मी तो दहा-बारा वेळा पाहिला असेल. हिने चहा आणून ठेवला, तो तसाच निवला. "अहो, मासे पाहता की काय पाहता?" म्हणाली, आणि मग तीही बसून राहिली.

काठापासून चार हातांवर, कमरेएवढ्या पाण्यात, तळाच्या वाळूत ताटाएवढे गोल खळगे. एकाला एक लागून, पंचवीस-तीस तरी असतील, पोळ्यातल्या घरांसारखे. भोवतालचा तळ गाळाने काळा आणि खळगे तेवढे झाडून काढल्यासारखे पांढरे. प्रत्येक खळग्यावर एकेक नर उभा. पाणी २० अंशांच्या आसपास तापलं की हे सुरू होतं. नर तळाशी तिरका होऊन शेपटीने गाळ उडवतो, खालचे खडे उघडे करतो. मादी येते, अंडी घालते आणि जाते. पुढचं सगळं बापाकडे. तो परांनी आणि शेपटीने अंड्यांना वारा घालत राहतो, म्हणजे ताजं पाणी फिरतं आणि अंड्यांवर गाळ बसत नाही. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. पिल्लं पोहू लागेपर्यंत तो जागा सोडत नाही, खाणंही जवळजवळ सोडतो. गोगलगाय आली, दुसरा मासा आला की झेपावतो. लेक म्हणाली, नातवाने पाण्यात पाय घातला तर एक नर त्याच्या अंगठ्याला येऊन टोचला. एवढासा जीव, तो माणसावर चालून जातो.

ही सगळी वस्ती एकत्र का, ते पाहताना कळत गेलं. कडेच्या घरट्यांना शत्रू चारी बाजूंनी येतो, मधल्यांना राखायला शेजारी मिळतात. मधली जागा धरायला धडधाकट नर लागतो.

पिल्लं निघाली की ती काठ सोडून तळ्याच्या मध्यात जातात, उघड्या पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव खातात आणि थोडी वाढली की पुन्हा काठच्या पाणवनस्पतींत शिरतात. तिथे मोठ्या माशाचं तोंड पोचत नाही. ते चपटं अंग कशासाठी, हेही इथे उलगडतं. दाट पाणगवतात दोन काड्यांमधून वळायला, जागच्या जागी थांबायला, मागे सरायला ते अंग बनलं आहे. वाहत्या ओढ्यात ते उपयोगाचं नाही. थांबलेलं, उथळ, ऊन पोचणारं पाणी, काठाला गवत, पाण्यात पडलेली झाडाची फांदी आणि वर बगळा, खाली बास मासा असे दोन शत्रू, एवढं सगळं मिळून त्याचं घर होतं. शत्रू नसले तर ब्लूगिल इतके वाढतात की अन्न पुरत नाही आणि सगळे खुरटून जातात, हेही लेकीने तिथल्या माहितीफलकावर वाचून सांगितलं.

२८ मे

कालच्या वाचनातली एक गोष्ट विसरू नये म्हणून लिहून ठेवतो. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये ओपिनिकॉन नावाचं सरोवर आहे. तिथे मार्ट ग्रॉस या शास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास दाखवलं की ब्लूगिलचे सगळे नर घरटं करत नाहीत. घरटं करणारा सातेक वर्षांचा होईपर्यंत थांबतो, अंगाने भरतो. काही नर दोनच वर्षांत वयात येतात, गवतात दबा धरतात आणि ऐन वेळी झडप घालून निसटतात. काही मादीचं रूप घेऊन जोडीत शिरतात. पुढे ब्रायन नेफ यांनी दाखवलं की पिल्लं अंड्यातून निघाल्यावर बापाला वासावरून कळतं, यांत आपली किती आहेत, आणि परकी फार असली तर त्याचं राखणं सैल पडतं.

एवढं सगळं त्या तळहाताएवढ्या माशाबद्दल माणसांनी वर्षानुवर्षं पाण्यात उतरून पाहिलं. आपल्या ओढ्यातल्या माशाजवळ असं कोण बसलं?

३० मे

ओढ्यात पोकलेन आलं. खोलीकरण.

आपल्या जिल्ह्याने तलावांचा गाळ आणि मुरूम महामार्गाला देऊन पाणी साठवण्याची रीत घालून दिली, तिला देशभर 'बुलढाणा पॅटर्न' म्हणतात. त्याने कितीतरी विहिरींना पाणी आलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. खोलीकरणाला माझा विरोध नाही. मे महिन्यात हंडे घेऊन फिरणाऱ्या बायकांना मी माशाची गोष्ट सांगणार नाही. पण यंत्र जेव्हा ओढा सरळ करतं आणि दोन्ही काठ भिंतीसारखे उभे कापतं, तेव्हा गुडघाभर पाण्याची जागाच उरत नाही. पाणी एकतर नसतं, नाहीतर पुरुषभर असतं. माशाचं बाळंतपण होतं ते त्या गुडघाभर पाण्यात, गवतात, मुळांत.

यंत्र उंबरापासून दोनशे पावलांवर होतं. चालवणाऱ्या पोराला सांगितलं तर तो म्हणाला, "काका, मले जेवढं सांगतलं तेवढं करतो मी." ठेकेदाराला फोन लावला. पलीकडची जमीन ज्यांची, त्यांच्या घरी जाऊन बसलो. उंबर पडला तर बांध ढासळेल, हे त्यांना पटलं. माशाचं पटलं की नाही, कोण जाणे. उंबराकडचा काठ तसाच ठेवायचा आणि समोरून खोदायचं, असं ठरलं. संध्याकाळी उंबराच्या खोडाला चुन्याचा पट्टा ओढून आलो.

४ जून

भोईमामांकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढे. आता पाग फेकवत नाही, पण ओसरीवर बसून फाटकी जाळी सांधत असतात. मी वही काढली तसे हसले.

"इतक्या वर्सांनी आठवण आली तुले ओढ्याची?"

मी म्हणालो, "मामा, नातवाला सांगायचंय."

त्यांनी बोटांवर मोजलं. मरळ, डोक, वाम, शिंगट, दांडवण, अळकूट, मुरी, झिंगे. बाकीची बारीक मासळी वेगळी. मग थांबले आणि म्हणाले, "आता डोक आन् झिंगे. बाकीचे कमीच दिसतात. चिलापी मातर पायजे तेवढी." चिलापी म्हणजे तिलापिया, मूळचा आफ्रिकेतला. १९५२ साली आपल्या देशात आणला. पोसायला सोपा म्हणून तलावातलावांत सोडला आणि आता कुठे नाही असं पाणी सापडत नाही. गंमत म्हणजे तोही ब्लूगिलसारखेच तळाशी ताटाएवढे खळगे करतो. फक्त अंडी मादी तोंडात घेऊन फिरते.

डोकाचं विचारलं तसे मामा सरसावून बसले. "त्याले पानी लय लागत नाही. ओल पायजे. उन्हाळ्यात चिखलात जाऊन बसते. तोंड वर काढते, हवा घेते, पुन्हा खाली." डोक आणि मरळ ही भावकीच. दोघांना कल्ल्यांच्या वर हवा घ्यायची वेगळी जागा असते. ओलं गवत असेल तर जमिनीवरून सरपटत दुसऱ्या डबक्यात जातात. मग ते म्हणाले, "डोकाचा बाप तोंडात घेते लेकरं. म्या लहानपनी धरला होता. हातात घेतल्याबरोबर तोंडातून पिवळे मनी सांडले. मायनं पाह्यलं, म्हने सोड त्याले, पाप लागते."

मी मामांच्या तोंडाकडे बघत राहिलो. चन्ना गचुआ हे त्याचं शास्त्रातलं नाव. त्याचा नर अंडी तोंडात धरतो आणि पिल्लं मोकळी होईपर्यंत उपाशी राहतो, हे ग्रंथांत नोंदलेलं आहे. मामांनी ग्रंथ पाहिला नाही. त्यांनी मणी सांडताना पाहिले.

घरी येऊन एक मेळ सापडला. ब्लूगिलला शास्त्रीय नाव दिलं राफिनेस्क या माणसाने, १८१९ साली, ओहायो नदीतल्या माशावरून. डोकाला नाव दिलं फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी, गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात, १८२२ साली. तीन वर्षांच्या अंतराने. एकाचं नाव आज तिकडच्या शाळकरी पोरांच्या तोंडी आहे.

८ जून

मृग लागला. पाऊस नाही. डोह अजून आटला, उंबराची आणखी दोन मुळं उघडी पडली.

१६ जून

पडला! दुपारी तीनला आभाळ काळं झालं आणि दीड तास कोसळला. पाच वाजता ओढ्याचा आवाज घरापर्यंत आला.

छत्री घेऊन निघालो. गढूळ लाल पाणी, वर काड्या, पालापाचोळा, फेस. रस्त्याच्या पुलाखाली जिथे पाणी पायऱ्यांवरून पडतं, तिथे बारीक मासे उड्या मारत होते. चढणीचे मासे. पहिल्या पाण्याबरोबर अंडी घालायला वर, ओढ्याच्या उगमाकडे निघालेले. हातभर उंच पाण्याच्या पडद्यावर एकेक जण आदळत होता, पडत होता, पुन्हा येत होता.

पुलाखाली पोरंही होती. मच्छरदाणीचं कापड दोन काठ्यांना बांधून आडवं धरलेलं. त्या कापडातून मुंगीही सुटत नाही. पोटात अंडी असलेला प्रत्येक मासा त्यात जात होता. लहानपणी मीही इथेच उभा होतो, पण आमच्याकडे टोपलं होतं, बारीक मासा खालून निसटायचा. पोरांना दटावलं नाही. शेजारी जाऊन उभा राहिलो आणि एक मासा हातात घेऊन त्याचं पोट दाखवलं. किती अंडी असतील, विचारलं. एक म्हणाला शंभर. मी म्हणालो, शंभर नाही, हजारांत. आज हा वर गेला तर श्रावणात तुम्हालाच गळाला लागेल. दोघांनी कापड गुंडाळलं. तिसरा उभाच राहिला. त्याच्या घरी आज कालवण नसेल, हेही मला ठाऊक होतं.

२३ जून

रात्री अकरा. झोप येत नाही.

ब्लूगिलचं वाचताना जपानची हकीकत सापडली. १९६० साली जपानचे युवराज अकिहितो अमेरिकेला गेले होते. शिकागोचे महापौर रिचर्ड डेली यांनी त्यांना भेट म्हणून मूठभर ब्लूगिल दिले. मासे मिसिसिपी नदीतले, आयोवातल्या गटेनबर्गचे. अकिहितो स्वतः मत्स्यशास्त्रज्ञ, गोबी माशांवर त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यांनी ते मासे संशोधन केंद्राला दिले, खाण्यासाठी वाढवता येतील म्हणून. तिथून ते पाण्यात गेले. आज जपानभर तळ्यांत, नद्यांत ब्लूगिल आहे. बिवा हे त्यांचं सर्वांत मोठं आणि फार प्राचीन सरोवर. त्यात असे मासे आहेत जे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. त्यांची अंडी आणि पिल्लं ब्लूगिल खातो. पुढे तपासणीत दिसलं की जपानमधले सगळे ब्लूगिल त्या एकाच भेटीचे वंशज.

इलिनॉयमध्ये जो बाप आपल्या अंड्यांसाठी माणसाच्या पायावर चालून जातो, तोच बिवामध्ये दुसऱ्यांच्या अंड्यांवर उठतो. स्वभाव बदललेला नाही. त्याच्या स्वभावाला आवर घालणारं तिकडचं सगळं मागे राहिलं आणि तो एकटा आला. तिथल्या माशांना त्याची ओळख नाही, पळावं कसं हे ठाऊक नाही.

२००७ साली अकिहितो, तेव्हा सम्राट, बिवाच्या काठी शिगा प्रांतातल्या एका समारंभात उठले आणि त्यांनी सर्वांसमोर सांगितलं की हे मासे जवळपास पन्नास वर्षांपूर्वी मी आणले होते, आणि आज जे झालं आहे त्याने माझ्या मनाला यातना होतात.

सम्राटाला कोणी विचारलं नसतं. भेट दुसऱ्याने दिली होती, सोडले तिसऱ्याने. तरी ते बोलले. मी माझ्या बरणीबद्दल आजवर घरातही बोललो नव्हतो. मघाशी हिला उठवून सांगितलं. ती उठून बसली, ऐकलं आणि म्हणाली, "मग आता काढा ना ते."

७ जुलै

गावाबाहेरचा पाझर तलाव अर्ध्याला आला. मामांना मोटरसायकलवर मागे बसवून नेलं. काठाला पाणगवताच्या फटीत पाणी कुंकू सांडल्यासारखं लाल दिसत होतं आणि हलत होतं. मरळाची पिल्लं. शेकडो, एकमेकांना चिकटून, दर थोड्या वेळाने सगळी मिळून वर येत, श्वास घेत आणि खाली जात. त्या लाल ढगाखाली दोन हात खोल एक सावली होती. मामांनी काठी दाखवली फक्त, सावली वर आली. एवढं मोठं डोकं, सापासारखं. पाणी फाटलं आणि मिटलं.

"लेकरावरचा मरळ कशालेही तोंड लावते," मामा म्हणाले. "बेडूक टाका, चिंधी टाका. भूक नसते त्याले, राग असते. धरणारे तवाच धरतात. बाप गेला की सांजेपर्यंत लेकरं खलास. आमचा बुढा सांगे, लाल पानी दिसलं की पाग घरी ठेव."

इलिनॉयमध्येही घरट्यावरचा नर गळाला सगळ्यात लवकर लागतो. नातवाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग मी आता नुसतं बघणार."

१८ जुलै

आशाताई आल्या होत्या. डेंग्यूचे दिवस सुरू झालेत, हौदांसाठी गप्पी हवे होते. माझ्याकडे गेले तीन आठवडे सिमेंटच्या टाकीत जमलेत, कारण रोज सकाळी जुनी जाळी घेऊन मी डोहाच्या काठाला बसतो आणि जेवढे निघतील तेवढे काढतो. पूर ओसरल्यावर ते पुन्हा काठच्या शांत पाण्यात आले आहेत. ताईंना बरणी भरून दिली. एवढंच सांगितलं की उरलेले परत माझ्याकडे आणा, ओढ्यात नको. कारण विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

आपल्या देशात १९२८ साली गॅम्बुसिया नावाचा असाच एक मासा डासांसाठी बाहेरून आणला, गप्पी त्याच्याही आधीचा. दांडवण आपला ओढ्यातला, तोही अळ्या खातो. नोकरीत असताना हे ठाऊक असतं, तर एका टाकीत मी दांडवण ठेवून पाहिला असता. आता पाहणार आहे. मामांनी चार आणून देण्याचं कबूल केलंय.

४ ऑगस्ट

मोठा पूर. उंबराकडचा काठ टिकला, समोरचा कापलेला काठ दोन ठिकाणी ढासळला. चुन्याचा पट्टा धुऊन गेला.

१ सप्टेंबर

उद्या पोळा. आज खांदशेकणी, म्हणून सकाळपासून बैल ओढ्यावर. घंटांचा आवाज, पोरांचा दंगा. उंबराखाली मात्र उतरायला जागा अडचणीची, तिकडे कोणी गेलं नाही. मी जाळी घेऊन मुळांवर बसलो होतो.

अकराच्या सुमारास मुळांच्या मध्ये, हातभर पाण्यात, बोटाएवढा जाड एक डोक थांबलेला दिसला. परांना निळसर-केशरी कड. गालफडं फुगलेली, तोंड घट्ट मिटलेलं. एक गप्पी त्याच्या नाकासमोरून गेला, त्याने तोंड उघडलं नाही. मी जाळी पाण्याबाहेर ठेवली. फोन काढला, हात थरथरत होता, चित्र नीट आलं नाही. तो वर आला, हवेचा एक घोट तोंडाच्या कोपऱ्यातून घेतल्यासारखं केलं आणि मुळाआड गेला. अर्धा तास वाट पाहिली. पुन्हा दिसला नाही.

नातवाला तेवढं हललेलं चित्र पाठवलं. त्याची सकाळ झाल्यावर फोन आला. नाव विचारलं, सांगितलं. "डोक." दोनदा म्हणून पाहिलं त्याने. पाणी किती खोल होतं, विचारलं. मुळापाशी एक हात, पुढे गुडघाभर, त्यापुढे यंत्राने खोदलेलं पुरुषभर. खाली वाळू की दगड? गाळ आणि उंबराची पानं. सावली? सकाळी दहापर्यंत पूर्ण, दुपारी थोडी. त्याच्या वर्गात तळ्याचा नकाशा काढायला दिलाय, त्याच्याच शेजारी त्याला हा डोह काढायचा आहे. उद्या पूजा झाली की दोरी आणि काठी घेऊन जातो, नीट मापं घेतो. आजचे गप्पी बेचाळीस.